मोजणीत न मावणारा देश : प्रस्तावना

२०१४ च्या मार्चअखेरीस म्यानमारमध्ये ३१ वर्षांनी जनगणना सुरू झाली. तोवर या देशाची लोकसंख्या सहा कोटींच्या आसपास आहे असे सगळेच धरून चालले होते. सरकारी अहवाल, आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था, भूगोलाची पाठ्यपुस्तके, सगळीकडे थोड्याफार फरकाने तोच आकडा. प्रत्यक्ष मोजणीनंतर हाती आले पाच कोटी पंधरा लाख. मधली ऐंशी-पंच्याऐंशी लाख माणसे गेली कुठे? काही थायलंडला मजुरीसाठी गेली होती हे खरे. पण बरीचशी कधी नव्हतीच. १९८३ च्या मोजणीवर दरसाल ठरावीक टक्के चढवत नेल्यामुळे ती कागदावर जन्माला आली होती.

या नव्या आकड्यालाही एक ठिगळ होते. प्रत्यक्ष मोजलेली माणसे पाच कोटी तीन लाख. उरलेली बारा लाख अंदाजाने धरलेली, आणि त्यांतली जवळजवळ अकरा लाख एकट्या रखाइन राज्यातली. मोजणीचे काम प्रामुख्याने शाळाशिक्षिकांकडे दिले होते. उत्तर रखाइनमध्ये अशी शिक्षिका, सोबतीला बंदोबस्त घेऊन, दारात उभी राहायची आणि कुटुंबप्रमुखाला वंश विचारायची. ‘रोहिंग्या’ असे उत्तर आले की फॉर्म बंद करून ती पुढच्या घराकडे निघायची, कारण वरून आदेशच तसा होता. सरकारमान्य १३५ वंशांच्या यादीत ते नाव नव्हते. माणसे समोर उभी असत. जनगणनेत ते घर नसे. ज्यांचे वंश नोंदवले गेले त्यांचेही आकडे सरकारने पुढे जाहीर केले नाहीत.

हे पुस्तक म्यानमारचा भूगोल, तिथल्या विकासाचे आकडे आणि राजकीय इतिहास यांच्याविषयी आहे. या तीन विषयांची तीन वेगळी पुस्तके बाजारात मिळतात. मला ते एकत्र बांधावेसे वाटले, कारण या देशात ते सुटे करून वाचले की प्रत्येक विषय खोटा पडतो. म्यानमारविषयीचा कोणताही आकडा आधी एवढेच सांगतो, की ज्याने मोजले त्याचा हात कुठवर पोचत होता. लोकांविषयी तो काय सांगतो ते त्यानंतर. आणि हात कुठवर पोचतो हे तिथे डोंगरांनी ठरवले आहे, नद्यांनी ठरवले आहे, आणि गेल्या पाऊणशे वर्षांत बंदुकांनी.

नावांविषयी एक खुलासा करून पुढे जातो. लष्करी राजवटीने १९८९ मध्ये देशाचे आंतरराष्ट्रीय नाव बदलले. त्याआधीच्या काळासाठी मी ब्रह्मदेश आणि रंगून लिहिले आहे, नंतरच्या काळासाठी म्यानमार आणि यांगून. बहुसंख्याक वंशाला बामार म्हटले आहे. देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे दोन तृतीयांश धरला जातो.

आता जमीन. क्षेत्रफळ सुमारे ६,७६,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त; वस्ती मात्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. पश्चिम, उत्तर आणि पूर्व अशा तिन्ही बाजूंनी डोंगर, मधोमध इरावतीचे खोरे, खाली समुद्राकडे पसरलेला त्रिभुज प्रदेश आणि दक्षिणेला मलाय द्वीपकल्पाकडे उतरत गेलेली तनिन्थारीची चिंचोळी पट्टी. अगदी उत्तरेला खाकाबो राझी हे ५,८८१ मीटर उंचीचे हिमशिखर. मली खा आणि न्माई खा या दोन नद्या मिचीना शहराच्या उत्तरेला मिळतात आणि तिथून इरावती सुरू होते. जवळजवळ २,१०० किलोमीटर वाहून ती अंदमानच्या समुद्राला मिळते. भामोपर्यंत तिच्यातून नौका जातात. पूर्वेची साल्विन लांबीने इरावतीहून मोठी, पण शान पठार चिरत खोल घळींतून येते, म्हणून वाहतुकीला फारशी उपयोगाची नाही. या दोन नद्यांच्या स्वभावातला फरक म्हणजे बराचसा राजकीय इतिहासच आहे. इरावतीच्या काठाने राज्ये उभी राहिली, साल्विनच्या आजूबाजूला ती कधी नीट पोचलीच नाहीत.

मराठी वाचकाला मध्य म्यानमारचा कोरडा पट्टा समजायला वेळ लागणार नाही. सह्याद्रीने पाऊस अडवला की माण-खटावच्या वाटेला जे येते, तेच अराकानच्या डोंगररांगेमुळे बागान, मागवे, मंडालेच्या वाट्याला आले आहे. किनाऱ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस आणि डोंगरापलीकडे बागानला जेमतेम सहाशे-सातशे. तिथे ताडाची झाडे, तीळ, भुईमूग, कडधान्ये. आणि तरीही बागान, आवा, अमरापुरा, मंडाले या साऱ्या जुन्या राजधान्या याच पट्ट्यात. कारण तिथल्या चाउक्सेच्या मैदानात डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांवर बंधारे घालून काढलेले कालवे होते. पाऊस बेभरवशाचा, पण कालव्याचे पाणी हमखास. कालव्यावरचा भात मोजता येतो आणि मोजता येतो म्हणून त्यावर कर बसवता येतो. डोंगरात फिरती शेती करणाऱ्याचे पीक यंदा या उतारावर, पुढे दुसऱ्या. त्याच्याकडून राजाला मिळायचा तो नजराणा, आणि तोही राजाचे सैन्य जवळपास असेल तेव्हा.

इंग्रजांनी राजधानी समुद्रावर, रंगूनला नेली. त्यांना तांदूळ आणि साग जहाजावर चढवायचा होता. २००५ च्या नोव्हेंबरात लष्कराने ती पुन्हा आत, नेपिडॉला हलवली. राजधानी कुठे आहे यावरून राज्यकर्त्याला कशाची भीती वाटते ते कळते. नेपिडॉच्या जवळून देशाला उभी चिरत सगाइंगचा भूभ्रंश जातो. २८ मार्च २०२५ रोजी त्याच रेषेवर ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. सगाइंग आणि मंडाले उद्ध्वस्त झाले, इरावतीवरचा १९३४ चा जुना आवा पूल कोसळला. मृतांचा सरकारी आकडा साडेतीन हजारांवर गेला. पण भूकंपग्रस्त सगाइंगचा मोठा ग्रामीण भाग त्या सरकारच्या ताब्यात नव्हता, आणि भूकंपानंतरही त्या भागात लष्कराचे हवाई हल्ले थांबले नाहीत. तिथल्या ढिगाऱ्यांखालची माणसे कोण मोजणार होते?

आकड्यांकडे येतो. दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रह्मदेश जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार होता. वर्षाला सुमारे ३० लाख टन तांदूळ रंगून आणि इतर बंदरांतून बाहेर जात असे. याच देशाला संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९८७ मध्ये अल्पविकसित देशांच्या यादीत घातले. या दोन वाक्यांमध्ये जे घडले ते सांगायला नेहमी ‘समाजवादी धोरणाचे अपयश’ एवढे तीनच शब्द खर्ची पडतात. ते अपुरे आहेत. धोरण चुकलेले देश पुष्कळ आहेत. इथे हिशेबाची वहीच दोन प्रतींत ठेवली गेली होती.

चलनाचे उदाहरण घ्या. ब्रह्मी क्यात हे चलन १९७७ पासून एका ठरावीक दराने बांधलेले होते आणि सरकारी भाव डॉलरला सुमारे सहा क्यात असा होता. २००० नंतरच्या दशकात यांगूनच्या बाजारात एका डॉलरला हजार क्यातच्या आसपास मिळत. त्याच काळात यादाना क्षेत्रातला नैसर्गिक वायू थायलंडला विकून डॉलर येऊ लागले. समजा, वर्षाला शंभर कोटी डॉलर आले. सरकारी दराने ते अंदाजपत्रकात ६०० कोटी क्यात म्हणून जमा होणार. बाजारभावाने त्यांची किंमत एक लाख कोटी क्यात. मधली रक्कम अंदाजपत्रकात दिसतच नाही. शाळांना, दवाखान्यांना पैसा नाही हे मग कागदोपत्री खरे ठरते. ऑस्ट्रेलियन अर्थतज्ज्ञ शॉन टर्नेल यांनी हा हिशेब चिकाटीने मांडला. पुढे ते आंग सान सू ची यांच्या सरकारचे सल्लागार झाले आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर २१ महिने तुरुंगात राहिले. ही दोन दरांची व्यवस्था संपली ती एप्रिल २०१२ मध्ये, जेव्हा डॉलरचा दर ८१८ क्यात धरून चलन मोकळे केले गेले.

त्याआधीची एक गोष्ट याहून क्रूर आहे. ५ सप्टेंबर १९८७ रोजी जनरल ने विन यांच्या राजवटीने २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा कोणतीही भरपाई न देता रद्द केल्या. शेतकऱ्याच्या मडक्यातली, विद्यार्थ्याच्या फीची, दुकानदाराच्या गल्ल्यातली रोकड एका दिवसात कचरा झाली. बदली नोटा आल्या ४५ आणि ९० क्यातच्या, नऊने भाग जाणाऱ्या. नऊ हा आकडा जनरलसाहेबांचा शुभांक मानला जाई. वर्ष उलटायच्या आत, ८ ऑगस्ट १९८८ रोजी, देश रस्त्यावर उतरला.

सरकारी आकड्यांवर किती विसंबावे हे ज्याला ठरवायचे आहे त्याने मे २००८ कडे पाहावे. २ आणि ३ मेला नर्गिस चक्रीवादळ इरावतीच्या मुखप्रदेशात शिरले आणि सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. १० मेला लष्कराने नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतले. वादळग्रस्त भागात ते दोन आठवडे पुढे ढकलले, एवढीच सवलत. प्रेते खाडीत तरंगत असताना जाहीर झालेला निकाल असा: मतदान ९८.१२ टक्के, होकार ९२.४८ टक्के. दशांशचिन्हानंतरचे दोन अंक हे लबाडीचे लक्षण असू शकते, हे विद्यार्थ्यांना शिकवायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तरी सगळे आकडे फेकून द्यावेत असे माझे म्हणणे नाही. २०११ नंतर काही वर्षे मोजणी बरीच प्रामाणिक झाली, आणि त्या आकड्यांतून खरा बदल दिसतो. पूर्वी मोबाइलचे सिमकार्ड श्रीमंतांनाच परवडे. २०१४ मध्ये परदेशी कंपन्या आल्यावर ते १,५०० क्यातला मिळू लागले. दारिद्र्यरेषेखालचे लोक २००५ मध्ये ४८ टक्के होते, ते २०१७ पर्यंत २५ टक्क्यांवर आले. आणि मग संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या पाहणीनुसार २०२३ च्या अखेरीस ते पुन्हा ४९.७ टक्क्यांवर गेले. एका पिढीने कष्टाने जे मिळवले ते सहा वर्षांत, त्यातही मुख्यतः २०२१ च्या उठावानंतरच्या तीन वर्षांत, पुसले गेले. या पुस्तकातला एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा.

राजकीय इतिहासाची प्राचीन बाजू मी या पुस्तकात आटोपशीर ठेवली आहे. अकराव्या शतकात अनवरथाने बागानचे राज्य उभे केले, सोळाव्यात बायिन्नांगने सयामपर्यंत मजल मारली, अठराव्यात अलांगपयाने कोनबांग घराण्याची स्थापना केली. या राजांच्या पराक्रमावर पुस्तके उदंड आहेत. माझे मन अडकते ते १८८५ नंतरच्या साठ-बासष्ट वर्षांत, कारण आजचे युद्ध त्या वर्षांत पेरले गेले.

तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध जेमतेम दोन आठवडे चालले. नोव्हेंबर १८८५ च्या अखेरीस राजा थिबाला मंडालेच्या राजवाड्यातून बाहेर काढून आगबोटीवर चढवले आणि काही महिन्यांत त्याची रवानगी रत्नागिरीला झाली. तिथेच, डिसेंबर १९१६ मध्ये, तो वारला. बहादुरशाह जफरला आधीच उलट दिशेने रंगूनला धाडलेले होते. १९०८ ते १९१४ या काळात तर मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात, असा प्रकार होता. आपल्याकडे ब्रह्मदेशाची ओळख बहुधा इथे सुरू होते आणि इथेच संपते. थिबा पॅलेस पाहून आलेल्या, गीतारहस्याचा जन्म मंडालेत झाला हे शाळेत शिकलेल्या वाचकाला मी हात जोडून विनंती करतो, की त्या तुरुंगाच्या भिंतीबाहेर त्याच वर्षांत काय चालले होते तेही पाहावे.

भिंतीबाहेर एक समाज उलटापालटा होत होता. मंडाले पडल्यावर खेड्यापाड्यांतून सुरू झालेला प्रतिकार मोडायला इंग्रजांना पाचेक वर्षे लागली. त्यासाठी त्यांनी परगण्यांचे वंशपरंपरागत प्रमुख हटवले आणि एकेका गावाला सरकारी मुखिया नेमला. राजा गेला, राजाश्रयावर उभी असलेली भिक्षुसंघाची शिस्त गेली, मधली मातब्बर माणसे गेली. खाली त्रिभुज प्रदेशात जंगले तोडून भातशेती वाढत होती, सुएझ कालव्याने युरोपची बाजारपेठ जवळ आली होती, आणि त्या शेतीला कर्ज देणारे होते तमिळनाडूतले चेट्टियार सावकार. १९३० च्या मंदीत भाताचा भाव कोसळला, कर्जे बुडाली आणि १९३७ च्या सुमारास खालच्या ब्रह्मदेशातल्या मुख्य भातजिल्ह्यांमधली पाव जमीन चेट्टियारांच्या नावावर गेली. गोदीतला हमाल भारतीय, पोलीस भारतीय, कारकून भारतीय. १९३१ च्या जनगणनेत रंगूनच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक भारतीय निघाले. आपण ब्रह्मदेशात कैदी म्हणून गेलो हे आपल्याला आठवते. आपण तिथे सत्तेचे हातपाय म्हणूनही गेलो होतो, हे त्या लोकांना आठवते. १९३८ च्या दंगली, १९४२ मध्ये पायी आसामकडे निघालेले लाखो भारतीय, साठच्या दशकात हाकलले गेलेले तीन लाख, आणि १९८२ चा नागरिकत्वाचा कायदा या सगळ्यांची मुळे तिथे आहेत. हाकलल्या गेलेल्या भारतीयांवर झालेला अन्याय यामुळे तसूभरही कमी होत नाही. रोहिंग्यांवरच्या अत्याचारांना तर यातून कसलेच समर्थन मिळत नाही. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक माणसे घरेदारे जळताना पाहून नाफ नदीपलीकडे बांगलादेशात पळाली, हा गुन्हा आहे आणि त्याला दुसरे नाव नाही.

त्याच काळात दुसरी फट रुंदावत होती. इंग्रजांनी मैदान आपल्या कायद्याने चालवले आणि शान, काचिन, चिन डोंगर तिथल्या सरदारांकडून वेगळे चालवले. सैन्यात भरती केली ती करेन, काचिन आणि चिन तरुणांची. महायुद्धात स्वातंत्र्यनेते आंग सान (सू ची यांचे वडील) आणि त्यांचे साथीदार जपान्यांकडे प्रशिक्षण घेऊन आले, तर करेन आणि काचिन इंग्रजांच्या बाजूने लढले. आंग सान १९४५ च्या मार्चमध्ये जपानवर उलटले खरे, पण एकाच देशातले तरुण तोवर दोन सैन्यांत वाढले होते. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग या शान गावात आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन नेत्यांशी करार केला. डोंगराळ भागाला अंतर्गत कारभारात स्वायत्तता मिळेल असे त्यात मान्य झाले. करेन प्रतिनिधी निरीक्षक म्हणून आले होते, त्यांनी सही केली नाही. पाचच महिन्यांनी, १९ जुलैला, आंग सान यांची सहकाऱ्यांसह हत्या झाली. ४ जानेवारी १९४८ रोजी ज्योतिषांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर, पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी, देश स्वतंत्र झाला, आणि वर्षभरात करेनांचे बंड रंगूनच्या वेशीवर येऊन ठेपले. पांगलाँगचा शब्द पाळला गेला असता तर पुढचे टळले असते असे मला वाटते. ते सिद्ध करता येणार नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक शांतताचर्चेत डोंगरातले लोक त्याच शब्दाची आठवण देत आले आहेत.

पुढची गोष्ट ओळखीची आहे. २ मार्च १९६२ ला ने विन यांनी सत्ता घेतली आणि संघराज्याची चर्चा बंद पाडली. बंडखोरांचे अन्न, पैसा, माहिती आणि भरती तोडण्यासाठी गावेच्या गावे उठवणारी ‘चार तोडण्यां’ची रणनीती त्याच दशकातली. १९९० ची निवडणूक सू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा घेऊन जिंकली, लष्कराने सत्ता दिली नाही. २००८ च्या घटनेने संसदेच्या चतुर्थांश जागा लष्कराला दिल्या आणि घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांशांहून अधिक मते लागतील अशी अट घातली. किल्ली त्यांच्याच खिशात. २०२० मध्ये ४७६ पैकी ३९६ जागा सू ची यांच्या पक्षाला मिळाल्या आणि १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे लष्कराने ही अर्धीमुर्धी लोकशाहीही संपवली.

या देशाचा अभ्यास कसा होत आला हेही नवख्या वाचकाला ठाऊक हवे. ब्रह्मी राजदरबारांची स्वतःची बखरपरंपरा आहे. १८२९ नंतर राजा बजीडॉच्या आज्ञेने विद्वानांनी सिद्ध केलेली ‘काचमहालाची बखर’ हा तिचा कळस. इंग्रज इतिहासकारांनी, म्हणजे हार्वे आणि हॉल यांनी, त्याच साधनांतून राजांच्या जुलमाची कहाणी काढली, जिच्या शेवटी इंग्रजी राज्य हे वरदान ठरते. स्वातंत्र्यानंतर टिन आंग यांच्यासारख्या राष्ट्रवादी इतिहासकारांनी ती उलटवली. या दोन्हींच्या मधे जे. एस. फर्निव्हल उभे आहेत. सनदी अधिकारी म्हणून १९०२ मध्ये आले, भाषा शिकले, १९१० मध्ये बर्मा रिसर्च सोसायटी उभारण्यात पुढे होते. अनेक वंशांची माणसे एका राज्यात राहतात पण फक्त बाजारात भेटतात, अशा समाजाचे त्यांनी केलेले वर्णन १९४८ नंतर जगभर वापरले गेले. वसाहतवादावर इतके स्वच्छ लिहिणारा दुसरा अंमलदार मला माहीत नाही.

नंतरचा वाद मैदान विरुद्ध डोंगर असा आहे. रॉबर्ट टेलर आणि मायकेल आंग-थ्विन यांनी राज्यसंस्थेचे सातत्य दाखवले. त्यांच्या लेखी इंग्रजी अंमल हा मधला व्यत्यय. दुसरीकडे एडमंड लीच यांनी १९५४ मध्ये काचिन समाजाचा अभ्यास करून दाखवले, की डोंगरातल्या राज्यपद्धती आणि वंशांच्या ओळखी बदलत्या असतात, ठोकळे नसतात. १३५ वंशांच्या सरकारी यादीला याहून मोठा शह नाही. मार्टिन स्मिथ यांनी १९९१ मध्ये बंडखोर भागांत फिरून युद्धाचा इतिहास लिहिला. जेम्स स्कॉट यांचे २००९ चे पुस्तक म्हणते, की डोंगरातले लोक मागासलेले राहिले नाहीत, ते राज्याच्या कचाट्यातून जाणूनबुजून निसटले. कल्पना मोहक आहे, पण १९५० नंतरच्या काळाला ती लागू नाही हे स्कॉट स्वतःच सांगतात, आणि त्यांचे वाचक ते विसरतात. मला सर्वांत पटते ते मेरी कॅलाहन यांचे २००३ चे म्हणणे: सततच्या अंतर्गत युद्धामुळे म्यानमारच्या लष्कराने नागरिकांकडे शत्रू म्हणून पाहण्याचीच सवय लावून घेतली आणि त्या सवयीतूनच राज्य घडवले. थांट म्यिंट-उ यांनी अलीकडे त्याला पैशाची बाजू जोडली आहे: जेड, अफू, सागवान आणि चिनी भांडवल. जमिनीचा कायदा हे त्याचे साधे उदाहरण. २०१२ च्या ‘पडीक आणि वापरात नसलेल्या’ जमिनींच्या कायद्याने फिरत्या शेतीचे विश्रांतीला टाकलेले उतार रिकामे ठरवले आणि कंपन्यांना देण्याची वाट मोकळी केली. मोजणी करणाऱ्याला पीक दिसले नाही, म्हणून मालकही दिसला नाही.

हे आताच का वाचावे? कारण गेल्या काही वर्षांत मैदान विरुद्ध डोंगर ही जुनी मांडणीच उलटली आहे. २०२१ नंतर सर्वांत कडवा प्रतिकार सगाइंग आणि मागवे या कोरड्या पट्ट्यात उभा राहिला. बामार बौद्ध शेतकऱ्यांचा हा मुलूख लष्कराच्या भरतीचे जुने ठिकाण. २७ ऑक्टोबर २०२३ ला तीन वांशिक सैन्यांनी उत्तर शानमध्ये मोहीम उघडली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये लाशिओचे विभागीय लष्करी मुख्यालय पडले. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनच्या मध्यस्थीने ते शहर लष्कराला परत मिळाले. रखाइनच्या १७ पैकी १४ तालुक्यांवर अराकान आर्मी या तिथल्या वांशिक सैन्याचा ताबा आहे. देशात ३५ लाखांहून अधिक माणसे विस्थापित आहेत. लष्कराने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा जनगणना घेतली, तेव्हा ३३० पैकी फक्त १४५ तालुक्यांत ती पूर्ण झाली. डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने घेतलेली निवडणूकही सगळ्या तालुक्यांत पोचली नाही, आणि सू ची यांचा पक्ष त्याआधीच २०२३ मध्ये बरखास्त केला गेला होता. उलट करेन्नी, चिन, रखाइन भागांत नवी प्रशासने शाळा चालवतात, कर घेतात, न्याय देतात. तिथे आता मोजणारे हात अनेक आहेत.

भारताची १,६४३ किलोमीटरची सरहद्द या देशाला लागून आहे. चिन डोंगरातून आलेली हजारो कुटुंबे मिझोरामने सांभाळली आहेत. महाराष्ट्राला हे दूरचे वाटत असेल तर तूरडाळीचा भाव आठवावा. २०२१ च्या करारानुसार म्यानमारमधून दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर भारतात आणायचे ठरले. त्या आवकेचा परिणाम लातूर आणि अकोल्याच्या बाजार समित्यांना भोगावा लागतो. थायलंडच्या सीमेवरच्या म्यावाडीत सायबर फसवणुकीच्या कोंडवाड्यांत अडकलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. नोकरीच्या आमिषाने अशा जाळ्यात सापडलेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही आहेत.

या पुस्तकात एक नियम शेवटपर्यंत पाळला आहे. जिथे जिथे आकडा दिला आहे तिथे तो कोणत्या वर्षाचा, कोणी मोजला आणि मोजताना कोण सुटले, हे शक्य तितके शेजारीच सांगितले आहे. त्यामुळे वाचन थोडे अडखळते, याची मला कल्पना आहे. नकाशांवर प्रशासकीय सीमांइतकेच महत्त्व उंची आणि पावसाला दिले आहे. नेत्यांची चरित्रे मुद्दाम कमी ठेवली. सू ची यांच्याविषयी आपल्याकडे भरपूर छापून आले आहे, आणि २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात रोहिंग्यांच्या खटल्यात त्यांनी लष्कराची केलेली पाठराखण पाहिल्यावर भक्तिभावाने लिहिणे मला शक्यही नाही. बाजू मात्र मी घेतली आहे. जी राजवट स्वतःच्या नागरिकांच्या खेड्यांवर विमानांतून बॉम्ब टाकते तिच्याविषयी तटस्थ राहून लिहिता येते असे मला वाटत नाही.

१ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश भारताचाच प्रांत होता. त्या काळातले त्याचे पुष्कळसे कागद दिल्लीत आहेत. थिबाच्या नजरकैदेचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे. ब्रह्मी भाषा शिकून या कागदांना तिकडच्या साधनांशी ताडून पाहणारे मराठी अभ्यासक आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. हे पुस्तक वाचून एखाद्या विद्यार्थ्याला ते करावेसे वाटले, तर त्याने वेळ न घालवता ब्रह्मी वर्णमालेपासून सुरुवात करावी. ती ब्राह्मीपासूनच निघाली आहे, आणि तिच्यातला क, ख, ग, घचा क्रम त्याला आधीच पाठ आहे.